शोधलं, पण वाचलं नाही

चौतीस वर्षं मी कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या आमच्या गावच्या वाचनालयात काढली. लोकांनी विचारायचं, मी शोधून द्यायचं. त्याचा मला माज होता, आणि नेट आल्यावर तो दुप्पट झाला.

ओरेस्टने गावच्या धान्यकोठारातल्या आठवणी लिहून मला ईमेलने पाठवल्या. दोनशे दहा पानं. "सगळं वाच, डारिया. गुरुवारी बोलू." तो आणि माझा भाऊ पेट्रो त्याच कोठारात कामाला होते. बाविसाव्या वर्षी पेट्रो तिथेच गव्हाखाली गुदमरून गेला. खालची झडप आपोआप उघडली आणि घसरणाऱ्या गव्हाने त्याला आत ओढलं, असं तेव्हा ठरलं. त्यानंतर पन्नास वर्षं ओरेस्ट दर गुरुवारी माझ्याकडे जेवतोय.

मी बारा पानं वाचली. कोठार कोणी बांधलं ते बघायला नेटवर गेले, तिथून गव्हाच्या जातींवर, तिथून तुर्कस्तानातल्या पाणचक्क्यांवर. चार दिवस असेच गेले. बुधवारी फाइलमध्ये पेट्रोचं नाव टाकून शोधलं. एकदाही नाही. म्हणजे नुसता गहूच लिहिलाय, म्हटलं, आणि चिडून फाइल बंद केली.

गुरुवारी ओरेस्ट कोटही न काढता खुर्चीच्या टोकावर बसला. "वाचलंस?"

"वाचलं की," मी बिनदिक्कत थाप मारली. "कोठार अठ्ठावीस साली नाही, सव्वीस साली बांधलं. तेवढं सुधार."

"एवढंच?"

"मग काय हार घालू तुला? पेरोगी खा, गार होतायत."

बटाट्याचं सारण भरलेल्या त्या उकडलेल्या करंज्या त्याने चौदा खाल्ल्या. जाताना दारात माझा हात धरला. त्याचे डोळे भरले होते. "सगळं वाचूनही तू मला जेवायला वाढलंस, डारिया."

तो गेल्यावर फोन कपाटात टाकला आणि तेराव्या पानापासून वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकशे सत्तरावं पान आलं. पेट्रोचं नाव लिहायला त्याचा हातच धजला नव्हता, सगळीकडे नुसतं 'तो'. 'तो आत उतरला होता. आत कोणी आहे का, मी विचारलं नाही. झडप मी उघडली.'

मी आधी रडले. मग फोन लावला.

"ओरेस्ट, काल मी खोटं बोलले. तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचलंय."

"मग?"

"पुन्हा वाचणार आहे," मी म्हणाले. "ते होईपर्यंत येऊ नकोस."