आधीचा काठ

गोष्टवाल्या सरांनी गोणीचं तोंड सोडलं आणि ती तलावाच्या काठावर उपडी केली. वेफर्सची पाकिटं, चेपलेल्या बाटल्या, फाटके मोजे. हा ऐवज त्यांनी शहरातून गाडीत घालून आणला होता, कारण इथे तो शोधूनही सापडला नसता. बुटानं त्यांनी ढीग चांगला पसरवला.

"ताई, आता घ्या. अगदी जवळून."

सुनेनं फोन धरला. मोबाईलवर पर्यावरणाच्या गोष्टी सांगायला शिकवणारा चार दिवसांचा वर्ग होता आणि तिचा हात स्थिर म्हणून वस्तीनं तिला पुढे केलं होतं. सर दर वाक्यात एकदा तरी 'गोष्ट' म्हणत, म्हणून बायकांनी त्यांना हे नाव चिकटवलं होतं.

वस्तीतल्या बायका दवाखान्याच्या चादरी धूत आणि त्या या काठावर वाळत. रोज उजाडताच बायका गवत झाडून घेत, मगच पहिली चादर पसरली जाई. कागदाचा कपटा दिसला तरी सासूबाई वस्ती डोक्यावर घेत. सरांना त्याचं काय? त्यांना प्रशिक्षणाच्या 'आधी'चा घाण काठ आणि 'नंतर'चा स्वच्छ काठ दाखवायचा होता. ऊन छान आहे म्हणून त्यांनी नऊ वाजता 'नंतर'चं चित्रण उरकून टाकलं: पांढऱ्याशुभ्र चादरी, नितळ पाणी. 'आधी' तेवढं राहिलं होतं आणि ते काही केल्या मिळेना. म्हणून ही गोणी.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"सर, हे दवाखान्यातल्या सिस्टरनी बघितलं तर आमचं काम जाईल. घाणीत चादरी वाळवतात म्हणतील."

"मावशी, शेवट स्वच्छच दाखवतोय ना आपण? आधी अंधार हवा, तरच उजेडाला किंमत. गोष्ट अशीच असते."

"पण इथे घाण नव्हतीच."

"ते बघणाऱ्याला कुठे माहीत आहे?"

सर हसले. अडाण्यांना उदार मनानं माफ करणारं शिकल्यासवरल्या माणसाचं हसू. सासूबाईंनी त्यांच्याकडे न निघणाऱ्या डागाकडे बघावं तसं पाहिलं.

चित्रण झालं, सर गाडीत बसून गेले. कचरा उचलायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पर्यावरण वाचवायची एवढी घाई, वाकायला वेळ कुठून असणार? बायकांनीच तो गोळा केला. वाऱ्यानं पाकिटं चादरींवर गेली होती, त्या सगळ्या पुन्हा धुतल्या.

चित्रणाचे तुकडे प्रत्येकानं स्वतःच जोडायचे, असा वर्गाचा नियम होता. दुपारी सून फोन घेऊन उंबऱ्यात बसली.

"आपलं नाव घालवू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई." ती बोटानं तुकडे मागेपुढे सरकवत राहिली.

समारोप शाळेच्या सभागृहात होता. पहिल्या रांगेत पाहुणे, दुसऱ्या रांगेत चादरी ताब्यात घेणाऱ्या सिस्टर. सरांनी वीस मिनिटं अक्कल पाजळली, त्यात आपलं मातीशी नातं असल्याचं तीनदा सांगितलं. मग एकदाचे दिवे मालवले.

पडद्यावर अक्षरं आली: प्रशिक्षणाआधी. झाडलेलं गवत, नितळ पाणी, चादरी.

मग पुन्हा अक्षरं: प्रशिक्षणानंतर. बाटल्या, मोजे, पाकिटं आणि ढीग पसरवणारा एक चकचकीत बूट.

सर घाईनं सुनेच्या कानाशी वाकले.

"ताई, क्रम उलटा लागलाय."

"नाही सर. काठ नऊचा, कचरा अकराचा. फोनमध्ये वेळ आहे."

पाहुण्यांपैकी कोणीतरी टाळ्या वाजवायला घेतल्या आणि एकट्यालाच वाजवाव्या लागताहेत म्हणून थांबवल्या. सिस्टर उठून सासूबाईंपाशी आल्या. सासूबाईंनी पदर घट्ट धरला होता.

"त्या दिवशीच्या चादरी?"

"पुन्हा धुतल्या. सगळ्या."

सिस्टरनी सरांकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"यांना परत काठावर येऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "उद्याचे गठ्ठे नेहमीच्या वेळेला पाठवते."