डाव्या कानाला सांगितलेलं

व्हर्लीन टिब्ज भाड्याचं घर बघायला गेली की आधी आपला गुन्हा सांगून टाकायची. सवय आईची. "दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे," आई म्हणाली होती, आणि लेकीने ते पाळलं. अमेरिकेतल्या एरी शहरात अशी कितीतरी दारं तिच्यासाठी हसत उघडली आणि हळूच लागली. गुन्हा जुना होता. ऐन विशीत, बर्फाच्या दिवसांत, तिने एका दुकानातून दोन गरम कोट उचलले होते. एक स्वतःला, एक आईला.

आता आई तिसऱ्या मजल्यावर होती आणि गुडघे तिला साथ देत नव्हते. खिडकीतून सरोवर दिसे. ते गोठे, फुटे, पुन्हा निळं होई. आई काही खाली उतरत नव्हती. तळमजल्यावरचं घर मिळालं तर आईला अंगण मिळणार होतं.

चर्चच्या तळघरात शुक्रवारी तळलेले मासे विकत. त्या शुक्रवारी कोपऱ्यात एक तरुण वकीलबाई संगणक घेऊन फुकट सल्ला द्यायला बसली होती. व्हर्लीनने ताट टेबलावर ठेवून नाव सांगितलं.

"तुमच्या नावावर काही नाही."

"नीट बघा. दुकानातली चोरी आहे."

"नीटच बघितलं. आपल्या राज्यात कायदा झालाय. ठरावीक वर्षं सरळ गेली की कोर्टाचा संगणकच जुनं प्रकरण झाकून टाकतो. अर्ज नको, वकील नको. घरमालकाला ते दिसत नाही. आणि विचारलंच त्याने, तर नाही म्हणायची तुम्हाला मुभा आहे."

"मला कोणी कळवलं नाही ते."

"कळवत नाहीत हो. नुसतं होऊन जातं."

"कधी झालं?"

"वर्ष तरी झालं असेल."

त्या वर्षात व्हर्लीनची दोन घरं गेली होती. दोन्ही ठिकाणी तिने आपणहून सांगितलं होतं. तिने ताटातल्या माशावर लिंबू पिळलं.

पुढचं घर बघायला मावसबहीण क्लीओने तिला गाडीतून नेलं.

"आज तोंडाला कुलूप. सरकार विसरलं, तू कोण लागून गेलीस आठवण करून देणारी?"

"खोटं बोलू?"

"कायद्यानेच नाही म्हण म्हटलंय, त्यात खोटं कुठलं?"

"कोट तर मीच उचलले होते ना."

"बाई, तू गाडीतच बस. मी जाते व्हर्लीन होऊन. तुझ्यापेक्षा बरी दिसते मी."

घरमालक सोबचाक म्हातारा होता. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात जन्म गेला आणि डाव्या कानाचं ऐकणं तिथेच राहिलं. "उजवीकडून बोला," त्याने दारातच सांगितलं. घराला दोनच पायऱ्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी ठेंगणी, बाहेर शेजाऱ्याचं आलुबुखाराचं झाड.

"तुमची चौकशी केली मी," सोबचाक म्हणाला. "काही निघालं नाही. तुम्हाला सांगण्यासारखं आहे काही?"

व्हर्लीनने दोन पायऱ्यांकडे बघितलं.

"नाही," ती त्याच्या उजव्या कानाला म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि शेगडी दाखवायला वाकला. डावा कान तिच्याकडे आला. उतू जाणारं दूध जसं थांबत नाही, तसं तिचं बोलणं थांबलं नाही. आवाज नेहमीचा होता, क्रम नेहमीचा. दुकान, थंडी, कोट, न्यायाधीश. कुजबुजही नव्हती ती, शेजारी उभ्या माणसाला सांगावं तसं होतं. काडी पेटली. गॅसने निळी ज्योत धरली.

सोबचाक काडी विझेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

"मागचा बर्नर काडीनेच पेटवावा लागतो," तो म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढली.

गाडीत क्लीओने विचारलं, "गप्प राहिलीस ना?"

"त्याने विचारलं तेव्हा नाही म्हटलं."

"शहाणी," क्लीओ म्हणाली आणि गाडी सुरू केली.

शनिवारी दोघींनी मिळून आईला तिन्ही मजले उतरवलं. आई मधे मधे थांबे, कठड्याला टेकून श्वास घेई. नव्या घरात ती ठेंगण्या खिडकीशी बसली आणि झाडाकडे बघून झाल्यावर म्हणाली,

"मालकाला सांगितलंस?"

"सांगितलं, आई."

"मग? काय म्हणाला?"

"मागचा बर्नर काडीनेच पेटवावा लागतो म्हणाला."

आईने गुडघ्यावरून हात फिरवला.

"भला दिसतोय," ती म्हणाली. "चहा टाक. त्यालाही बोलाव."

व्हर्लीनने काडेपेटी घेतली.