मागचा हात

"तुझी फिन काढ," भावजींनी बेकरीवाल्याला फर्मावलं. "मला दे आणि माझी तू लाव."

बेकरीवाला वाळूत पाय पसरून केळं खात होता. "अहो, आत्ताच तर शीड बदलून झालं. जरा दम तर खाऊ द्या!"

"वारा तुझं केळं संपायची वाट बघणार आहे का?"

बेकरीवाला कुरकुरत उठला. फिन म्हणजे बोर्डाच्या बुडाला लावायचं, वितीपेक्षा जरासं मोठं पातं. ते बदलायला दोन स्क्रू आणि भरपूर शिव्या लागतात.

आम्ही चौघे गेली अकरा वर्षं, वारा सुटला की कामधंद्याला काहीतरी थाप मारून या खाडीवर येतो. वाळूच्या बांधाआड पाणी परातीसारखं सपाट असतं. बोर्डावर उभं राहायचं, शीड धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर जमेल तितक्या वेगात सरळ सुटायचं, एवढाच आमचा खेळ. दंडावर बांधलेलं यंत्र सलग दहा सेकंदांचा वेग दाखवतं आणि चारचौघांत आपली लाज काढतं. निम्मा दिवस पाण्यात जातो, निम्मा एकमेकांची शिडं चाचपून नावं ठेवण्यात.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लिफ्टचे मेकॅनिक, तीस वर्षांची नोकरी, आणि आमच्यातले सगळ्यांत वेगवान. गेल्या मोसमात त्यांनी छत्तीस नॉट, म्हणजे ताशी जवळपास सदुसष्ट किलोमीटर, मारले होते. यंदा एकोणतिसाच्या वर गाडी सरकेना. शीड सैल पडलंय, फिनला चरा गेलाय, अशी कारणं ऐकून आमचे कान किटले होते. आज मात्र त्यांनी दोष शोधून काढायचाच असं ठरवलं होतं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणाले. "दोन बदलल्या तर घोळ कशात होता ते कळत नाही. लिफ्टचं असंच असतं."

आमच्यातला चौथा दातांचा डॉक्टर; त्याचं शीड घेऊन ते गेले. अठ्ठावीस. बेकरीवाल्याची फिन लावून गेले. एकोणतीस. भावजींची चरा गेलेली फिन लावून बेकरीवाला गेला आणि पस्तीस घेऊन आला.

"माझं वजन आहे ना!" तो घाईघाईने म्हणाला. "एकशे चार किलो. माझ्याखाली दरवाजा बांधला तरी पळेल."

आम्ही गरजेपेक्षा जास्त हसलो. भावजी हसले नाहीत.

सकाळी निघताना ताईने मला स्वयंपाकघरात ओढून घेतलं होतं. "महिनाभर ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावतेय. डावा हात ऐकतच नाही. परवा कप पडला. तपासून घ्या म्हटलं की अंगावर येतात. तू बोल बाबा, तुझं ऐकतात ते." कोण कुणाचं ऐकतं म्हणे! भावजींनी आजवर माझं एकदाच ऐकलंय, आणि तेव्हा मी जेवायला चला म्हणालो होतो.

भावजी पुन्हा पाण्यात उतरले तेव्हा बांधावरून मी त्यांच्याकडेच पाहत होतो. आमची वेगाची दिशा ठरलेली आहे आणि त्या दिशेला जाताना डावा हात मागे येतो. वाऱ्याचा झोत आला की याच मागच्या हाताने शिडाची आडवी दांडी आवळून धरायची असते. झोत आला. भावजींची बोटं दांडीवरून उघडत गेली, शीड फडफडलं आणि बोर्ड पाण्यात बसला.

"तू दातांचा असलास तरी डॉक्टर आहेस," मी हळूच म्हणालो. "काय वाटतं तुला?"

"मला वाटून काय उपयोग?" डॉक्टर म्हणाला. "मेंदूवाल्याला दाखवायला हवं. लवकर."

भावजी बोर्ड ओढत परत आले. कमरेवर उजवा हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, "आता उलटं करून बघू. सगळं सामान माझं, जसंच्या तसं. फक्त माणूस बदलायचा. तू जा."

आमच्यात सगळ्यांत हळू मी. अकरा वर्षांत एकतिसाच्या पुढे गेलो नव्हतो. मीसुद्धा त्यांच्या सामानावर त्यांच्यापुढे गेलो तर दोष द्यायला काही उरणारच नव्हतं. पाण्यात शिरतानाच मी ठरवून टाकलं. झोत आला तसा मागचा हात सैल सोडला. सव्वीस.

"भावजी, बोर्डच गेलाय तुमचा!" मी काठावरूनच ओरडलो. "पाण्याला चिकटून बसतो."

त्यांनी माझ्या दंडावरचा आकडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मागचा हात का सोडलास?"

"सोडला नाही, सुटला."

"सुटतो तेव्हा आधी करंगळी जाते," भावजी म्हणाले. "मग तिच्या शेजारचं बोट. तुझी पाचही एकदम उघडली."

बेकरीवाला वाळूत रेघोट्या मारत बसला.

"परत जा आणि खरं चालव," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "उद्या सकाळी बारा मजल्यांच्या इमारतीत मी लिफ्टच्या ब्रेकवर काम करणार आहे. लोक बसतात रे त्यात. मला आज कळायला हवं."

मी गेलो. वारा पडावा असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि तो पडला नाही. उलट असा झोत आला की मी नुसता दांडी आवळून राहिलो. ते शीड त्यांनी इतकं नेमकं ताणलेलं होतं की मला करायला काही उरलंच नव्हतं. खालचं पाणी काचेसारखं सरकत गेलं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं मिळालं, आणि मला रडू येत होतं.

"चौतीस," भावजींनी मोठ्याने वाचलं. "सामान चोख आहे." त्यांनी उजव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! लागली की नाही लॉटरी तुला!"

बेकरीवाल्याने या वेळी वजनाचं नाव न काढता बोर्ड वाळूवर ओढून घेतला.

भावजी गाडीपाशी गेले. ऑफिसला फोन लावून, उद्याच्या कामावर दुसरा मेकॅनिक पाठवा, एवढं म्हणाले. पलीकडून कारण विचारलं असावं. "मग सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग ते शिडाची दांडी अडकवायचा कमरेचा हार्नेस काढायला लागले. त्याचा पट्टा पाण्याने फुगला की बक्कल दोन्ही हातांनी दाबावं लागतं. उजव्याने दाबलं. डावा नुसता वर टेकला. तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी दोन्ही हात अंगापासून जरा बाजूला धरले आणि खाडीकडे बघत म्हणाले, "जरा बघ रे."

मी ओल्या वाळूत गुडघ्यावर बसलो. थंडीने माझीही बोटं बधिर झाली होती. पट्टा काही केल्या सुटेना.

"सावकाश कर," भावजी म्हणाले. "घाई नाही."