आत्याबाईंसाठी अकरा चेंडू

बॉसला हरवायला डोकं लागतं, पकडायला अंगठा. आमच्या गटात ही दोन्ही कामं माझ्याकडे होती.

खेळ फोनवरचा. रस्त्याने चालता चालता दिसतील ते चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे. पण बॉस असा वाटेत भेटत नाही. तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पाऊण तास येऊन बसतो. एकट्यादुकट्याला तो भीकही घालत नाही. पाच-सहा जणांनी मिळून त्याला पाच मिनिटांत लोळवायचं, मग प्रत्येकाला आपापल्या फोनवर मोजके चेंडू मिळतात. तेवढ्यात पकडला तर आपला, नाहीतर गेला.

सगळ्यांत अवघड बॉस म्हणजे लोखंडी पिसांचं एक घुबड. गेमने त्याला दिलेलं लांबलचक नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. वर्षातून एकदा यायची, वाचनालयाच्या घड्याळावर चढून बसायची, सगळ्यांचा उद्धार करायची आणि सहसा कुणाच्या हाताला न लागता निघून जायची.

तिला हरवायची युक्ती मी शोधली होती. गेम स्वतःहून जे सहा प्राणी सुचवतो ते दणकट असतात, मार खात उभे राहतात, पण मारत काहीच नाहीत. पाच मिनिटं संपतात आणि सगळे जिवंत राहून हरतात. मी सांगितलं, मरणारे चालतील, मारणारे हवेत. आगीचे आणि विजेचे घ्या. सहाही पडले तर औषधपाणी करत बसू नका, दुसरी सहाची तुकडी तयार ठेवा आणि लगेच आत शिरा.

"ताई, तुम्ही घरी पण असंच बोलता का हो?" कॅप्टनने विचारलं होतं. कॅप्टन टायरच्या दुकानात कामाला. नखं कायम काळी, आवाज रस्त्यापलीकडे जाणारा.

"घरी बोलायला वेळ कुठे मिळतो?" मी म्हटलं होतं.

लढाई संपली की आमच्याकडे एक पद्धत होती. सगळे आपले फोन आणून वाचनालयाच्या पायरीवर माझ्यापुढे ठेवायचे आणि प्रत्येकाचा बॉस मी पकडून द्यायची. "अंगठेबहाद्दरांपुढे रांग लावा," कॅप्टन ओरडायचा. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये मेणाचे दात कोरायची, हात स्थिर असणं ही माझी रोजीरोटी. चेंडू अंगठ्याखाली दाबून धरायचा. बॉसभोवतीचं कडं लहान होत जातं. हवं तेवढं लहान झालं की थांबायचं, फेकायचं नाही. आत्याबाई पंख झाडते. एक, दोन, अडीच. अडीचला सोडायचा.

"अडीच म्हणजे नेमकं किती गं, पोरी?" पोस्टमनकाका दर वेळी विचारायचे. त्यांना ते कधीच जमलं नाही. तीन वर्षं आत्याबाई त्यांच्या हातावर तुरी देऊन जात होती. पहिली दोन वर्षं ते स्वतःच फेकायला गेले. तिसऱ्या वर्षी फोन माझ्याकडे दिला, तर त्यांची बॅटरीच संपली. त्या दिवशी मला आठवा महिना होता. पायरीवर ऊन आलं होतं, पडदा दिसेना, तर काका माझ्या डोक्यावर टपालाची पिशवी धरून उभे राहिले होते. सगळ्यांची पकडून होईपर्यंत. स्वतःचा फोन बंद पडला तरी.

मग लेक झाली.

तिसऱ्या महिन्यात माझा उजवा अंगठा दुखायला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. एकदा दुधाची वाटी हातातून निसटली तेव्हा मी दाखवायला गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझी मूठ वळवून मनगट खाली वाकवलं आणि मी किंचाळले.

"बाळाला बगलेत हात घालून उचलता ना? दिवसातून किती वेळा?"

"मोजलं नाही."

"अंगठ्याने मोजलंय," त्या म्हणाल्या. मग एका उशीवर त्यांनी मला दाखवलं, बाळाच्या खालून हात सरकवायचा, कोपरापर्यंत, आणि सुपात घेतल्यासारखं उचलायचं. अंगठा बाजूला. वर एक कडक पट्टा दिला, दिवसभर घालायला. "आणि फोन?"

"फारसा नाही."

हे खोटं होतं. लेकीला पाजताना डाव्या हातात फोन असायचा. तिचे डोळे मिटत आले, ओठ सैल पडले, की मी गटातले निरोप वाचायची. कुणी काय पकडलं, कुणाचं काय सुटलं. तिच्या कानामागे एक मऊ वास असतो, दूध आणि झोप मिसळल्यासारखा, त्यात नाक खुपसून मी आगीच्या प्राण्यांची यादी करायची. लाज वाटायची थोडी. पण घरात मी आई होते, सून होते, दूध होते. त्या पायरीवर मी आणखी कुणीतरी होते.

लेक दहा महिन्यांची झाली आणि जाहीर झालं, आत्याबाई शनिवारी अकरा वाजता येणार. कॅप्टनचा निरोप आला. "ताई, या वेळी पाचच जण आहोत. तुमच्याशिवाय होणार नाही." खाली काकांचा निरोप. त्यांची नोकरी संपली होती, पुढच्या महिन्यात ते मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. "तिथे चार मैलांत कुणी खेळत नाही म्हणे. ही शेवटचीच संधी. अंगठेबहाद्दर, लाज राख."

मी लगेच लिहिलं, "येते."

नवरा लेकीची लंगोटी बदलत होता. म्हणाला, "अगं, सांग ना त्यांना, अंगठा दुखतोय म्हणून. दुसरं कुणी फेकेल. शेवटी खेळच आहे."

"तुझं क्रिकेटही खेळच आहे."

"तिथे मी बारावा गडी असतो. पाणी नेतो."

मला हसू आलं, पण अंगठ्याचं मी सांगितलं नाही कुणाला. आठवडाभर प्लॅन तेवढा केला. पाच जणांत आत्याबाई पाडणं म्हणजे एकही प्राणी चुकवून चालणार नव्हतं. कुणाचे कुठले सहा, कुठल्या क्रमाने, दुसऱ्या तुकडीत कोण, सगळं डाव्या हाताने लिहून पाठवलं. आणि फेकण्याचा सराव म्हणून रस्त्यावरच्या एका फुटकळ उंदरावर चेंडू फेकून पाहिले. सातातले दोन लागले. मी स्वतःला म्हटलं, शनिवारपर्यंत बरा होईल.

शनिवारी वाचनालयाच्या कोपऱ्यावर पोहोचल्यावर मी पट्टा काढून पिशवीत टाकला. नवऱ्याने पाहिलं. लेकीला छातीशी बांधून समोरच्या बाकावर जाऊन बसला.

पायरीवर कॅप्टन होता, त्याची कॉलेजात जाणारी भाची होती, औषधांच्या दुकानातल्या बाई होत्या आणि काका. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"मुलगी बघायला चाललात का, काका?" भाचीने विचारलं.

"आत्याबाई घरी न्यायची आहे. जरा बरं दिसायला हवं."

अकराला लढाई सुरू झाली. डाव्या हाताने नुसतं टकटक मारत राहायचं असतं, ते मला जमत होतं. दोन मिनिटांत औषधवाल्या बाईंचे सहाही पडले. "औषध द्यायला जाऊ नका!" मी ओरडले. "धंदाच आहे हो तो माझा," म्हणत त्या दुसरी तुकडी घेऊन आत आल्या. शेवटच्या मिनिटाला आत्याबाईचा पाव जीव बाकी होता, वीस सेकंद उरले तेव्हा नखभर. कॅप्टन शिव्या देत होता, भाची देवाचं नाव घेत होती, काका काहीच न बोलता दोन बोटांनी पडदा बडवत होते. चार सेकंद उरले असताना ती पडली.

आम्ही पाचही जण असे ओरडलो की वाचनालयातून कुणीतरी बाहेर येऊन बघून गेलं. कॅप्टनने मला नमस्कार केला. "पाच जणांत! ताई, तुमच्या डोक्याचा विमा काढायला हवा."

त्या क्षणी सांगता आलं असतं. सगळे खुशीत होते, कुणी वाईट वाटून घेतलं नसतं. पण तेवढ्यात काकांनी आपला फोन रुमालाने पुसून माझ्यापुढे ठेवला. सगळ्यांच्या आधी.

"अकरा आहेत," ते म्हणाले. "बॅटरी भरलेली आहे."

मी चेंडूवर अंगठा ठेवला. कडं लहान झालं. ती पंख झाडायला लागली. एक, दोन, अडीच. मनगटापासून कोपरापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं झालं आणि चेंडू तिच्या पायाशी पडला.

"होतं," कॅप्टन म्हणाला. "हात बसायला वेळ लागतो."

दुसरा डावीकडे गेला. तिसरा वरून. चौथ्याला मी फोन परत द्यायला हवा होता. हे मला तेव्हाही कळत होतं, आत्ता लिहिताना सुचलेलं शहाणपण नाही. पण चारही डोकी माझ्या हातावर वाकली होती, अगदी पूर्वीसारखी, आणि मला वाटलं, पुढचा लागेल. पाचवा, सहावा. सातवा लागला. चेंडू एकदा हलला, दोनदा हलला, आणि आत्याबाई बाहेर आली. औषधवाल्या बाई "अरेरे" म्हणाल्या. समोरच्या बाकावर लेक रडायला लागली होती. नवरा उठून येरझाऱ्या घालत होता, तिचं तोंड माझ्याकडे येऊ नये म्हणून पाठ करून.

आठवा, नववा, दहावा. अकरावा फेकताना मला अंगठा जाणवतच नव्हता. चेंडू तिच्या पंखाला लागून उडाला. तिने पिसं फुलवली, पांढरा धूर झाला, आणि पडद्यावर नुसतं घड्याळ उरलं.

काकांनी फोन उचलला, पुन्हा रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला.

"असू दे, पोरी. आत्याबाई कुणाच्या घरी टिकल्यात?"

"काका, माझा..." मी म्हटलं.

"ताई, द्या इकडे, मी बघते," भाची म्हणाली. ती पहिल्या बोटाने फेकायची. अंगठा वापरतच नव्हती. मामाची चौथ्या चेंडूला धरली, औषधवाल्या बाईंची सहाव्याला, स्वतःची दुसऱ्याला. मग माझा फोन घेतला आणि पहिल्याच चेंडूला ओरडली, "ताई, तुमची आली!"

आत्याबाई कुणाला देता येत नाही. बाकीचे प्राणी देता येतात, बदलता येतात. ही ज्याच्या फोनवर आली त्याचीच. मी नियम पुन्हा वाचला, घरी जाऊन, तीनदा.

रात्री कॅप्टनचा निरोप आला. "पुढच्या वेळेपासून फेकायला भाची. प्लॅन ताईच पाठवतील." त्याच्याखाली एकापाठोपाठ चार अंगठे उमटले. चौथा माझा.

काकांचा निरोप महिन्याने आला, गटात नाही, मला एकटीला. मुलाच्या घरी खोली चांगली आहे, खिडकीतून शाळा दिसते, गुडघा बरा आहे. मग खाली: "अंगठा कसा आहे?"

मी लेकीला पाजत होते. डाव्या हाताने लिहिलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दुसऱ्या चेंडूलाच दिसलं. तू दात दाबून धरले होतेस."

लेकीने दूध सोडलं आणि सवयीने माझा उजवा अंगठा मुठीत धरून ओढला. डोळ्यांत पाणी आलं, पण मी तो सोडवून घेतला नाही. मग लिहिलं, "मग थांबवलं का नाहीत? नऊ चेंडू उरले होते."

उत्तर यायला वेळ लागला. काका एका बोटाने टाइप करतात.

"सगळ्यांदेखत थांबवलं असतं तर तू पुन्हा आली नसतीस."

मी "हो" एवढंच लिहिलं. मी तशीही पुन्हा गेले नाही, हे त्यांना कळवलं नाही.