वीतभर मोकळं

माझ्या शिवणीतून पाण्याचा एक थेंब आत गेला तर मशीन विकून टाकीन, असं मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. ही उगाच फुशारकी नाही. बारा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात गाड्यांची, टेबलांची, पंपांची कव्हरं शिवली. मागच्या वर्षी स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा पहिलं मोठं काम घरातूनच आलं. नणंदेच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, अंगणातल्या ग्रिलच्या ओट्याला कव्हर हवं होतं.

ग्रिल म्हणजे खिडकीचं नव्हे, भाजायचं. विटांचा लांबलचक ओटा, वर काळा दगड, मधोमध पक्की बसवलेली गॅसची शेगडी आणि खाली स्टीलची दोन दारं. ओटा बांधला माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी. उभा जन्म गवंडीकाम केलेला माणूस, पण हात थरथरायला लागले तसं काम सोडून दिलं होतं. लेकीनं हट्ट धरला म्हणून हा एकच बांधायला घेतला आणि त्याला दोन महिने लावले. हे आपलं शेवटचं काम, असं ते स्वतःच सांगायचे. प्रत्येक वीट वाजवून बघितल्याशिवाय लावली नाही.

मी माप घ्यायला गेले तेव्हा बाबा म्हणाले होते, "खालून वीतभर मोकळं सोड."

मी म्हटलं, "बाबा, विटांचं तुम्ही बघा, कापडाचं माझ्यावर सोडा."

ते नुसते हसले. मी कव्हर थेट जमिनीपर्यंत आणलं, खालच्या कडेला सगळीकडून इलॅस्टिक घातलं. मुंगीलासुद्धा आत जायचं तर परवानगी काढावी लागली असती. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. शेजारणीनं तर तिथेच उभ्या उभ्या दोन खुर्च्यांची कव्हरं सांगितली, आणि मी आठवडाभर जमिनीवर चालत नव्हते.

पावसाळाभर ओटा झाकलेला राहिला. पाऊस थांबून दहा दिवस झाल्यावर ताईंनी कव्हर काढलं, आत बघितलं आणि शेजाऱ्यांना दिसायला नको म्हणून तसंच परत घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग आम्हाला फोन करून रविवारी सकाळी बोलावून घेतलं.

मी आणि बाबा गेलो. ताईंच्या यजमानांनी कव्हर ओढून बाजूला टाकलं, तसा कुबट वास नाकात शिरला. खालचा गिलावा फुगून पापुद्रे सुटले होते. विटांना मिठासारखा पांढरा लोणा लागला होता. बिजागऱ्या गंजल्या होत्या आणि एक दार तर उघडेचना. यजमान तसे भले गृहस्थ, पण जिभेला हाड नाही. बाबांच्या समोरच म्हणाले की हात पूर्वीचा राहिला नाही, त्याला कोण काय करणार. अकरा वाजता फोडायला माणूस येतोय, नवीन तयार ओटा आणून ठेवू. ताई खाली मान घालून उभ्या होत्या. बाबा पायरीवर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. थरथर दिसू नये म्हणून ते असे बसतात.

आणि मी काय केलं? ते सांगायची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "कापडातून काही आत गेलेलं नाही हं. शिवण बघा हवी तर."

शिवण दाखवायला म्हणून मी कव्हर उलटं केलं. आतली बाजू ओलीचिंब होती. बाहेरून कोरडं ठणठणीत, दहा दिवसांत पावसाचा टिपूस नाही, आणि आतून मात्र थेंब लटकत होते. पाणी वरून आलंच नव्हतं. जमिनीतली ओल विटांतून चढली, ऊन पडलं की तिची वाफ झाली, ती माझ्या कापडाला लागली आणि परत खाली ठिबकली. चार महिने हेच चाललं होतं.

मी गुडघ्यांवर बसले. ओट्याच्या पायथ्याशी, विटांच्या सांध्यांत, बोट जाईल एवढी सहा भोकं होती. सारख्या अंतरावर, आतून गुळगुळीत केलेली. हवा आत जायला आणि ओल बाहेर पडायला बाबांनी ठेवलेली वाट. आणि माझं ते कौतुकाचं इलॅस्टिक बरोबर त्यांच्यावर आवळून बसत होतं. जमिनीपासून मोजलं तर सगळी भोकं वीतभर उंचीच्या आतच होती.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. कव्हर निघालं त्या क्षणापासून त्यांना माहीत होतं.

जवळ जाऊन मी हळूच विचारलं, "बोलला का नाहीत?"

"तुझं दुकान नवीन आहे," ते म्हणाले. "माझं काम तर संपलंच आहे. नाव गेलं तर माझं जाऊ दे."

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि संन्यासी स्वतःच मान पुढे करून बसला होता. मी पिशवीतली मोठी कात्री काढली. कव्हर अंगणात पसरलं आणि ताई, यजमान, कुंपणापलीकडची शेजारीण, सगळ्यांच्या देखत बोलले.

"बाबांच्या बांधकामात काडीचा दोष नाही. त्यांनी मला वीतभर मोकळं सोडायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ओटा माझ्या कव्हरनं कुजवलाय."

मग बाबांना हात मागितला. त्यांनी मांडीखालून काढून कापडावर ठेवला, थरथरत का होईना वीत फाकवली, आणि मी खडूनं खूण केली. चारी बाजूंनी खालची पट्टी कापून टाकली. माझी सगळ्यात सुबक शिवण त्या पट्टीतच होती. कापताना वाईट वाटलं, नाही असं नाही.

फोडणारा आला तेव्हा बाबा थापीच्या मुठीनं विटा ठोकून बघत होते. वीट न् वीट खणखणीत वाजत होती. बिघडला होता तो खालचा गिलावा आणि चार बिजागऱ्या. फोडणाऱ्याला यजमानांनीच माघारी पाठवलं. मग बाबांपाशी जाऊन म्हणाले की गिलाव्याचा माल मी कालवून देतो, तुम्ही फक्त सांगा.

माझं दुकान काही बुडालं नाही. शेजारीण आपल्या खुर्च्यांची कव्हरं आखूड करून घ्यायला आली आणि जाताना आणखी एक सांगून गेली. आता दुकानातल्या कापायच्या टेबलावर बाबांच्या वितीच्या दोन रेघा रंगानं पक्क्या काढून ठेवल्यात. बाहेर राहणाऱ्या वस्तूचं प्रत्येक कव्हर मी तेवढं आखूड शिवते. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, बाई, माप चुकलं का?

मी सांगते, चुकलं होतं, तेव्हा जमिनीला टेकत होतं. हे माझ्या सासऱ्यांचं माप आहे.