देसाईचा टुबा कॉन्चेर्तो

प्रज्ञाने निहार देसाईची रचना पहिल्यांदा उघडली तेव्हा तिला वाटलं, कागदावर शाई सांडली असावी. देसाई साड्यांच्या पेढीवाल्यांचा मुलगा, परदेशात संगीत शिकून सुरतेला परतलेला. त्याने टुबासाठी कॉन्चेर्तो लिहिला होता. म्हणजे मागे अख्खा वाद्यवृंद आणि पुढे एकटं ते पितळी धूड, जे बँडमध्ये कायम मागच्या रांगेत असतं. आधी विचारलेल्या जर्मन वादकाने कागद पाहूनच नकार कळवला, तेव्हा देसाई प्रज्ञाकडे आला. ती शाळेत बँड शिकवायची, स्वतः टुबा वाजवायची.

"मधल्या भागात फुंकता फुंकता गळ्याने गायचंय. दोन स्वर एकदम."

"कशासाठी?"

"यंत्रमागांचा आक्रोश आहे तो, प्रज्ञाबेन."

प्रज्ञा बमरोलीतली, सुरतेच्या यंत्रमागांच्या वस्तीतली. तिचे वडील पोपट जन्मभर यंत्रमागांवर उभे राहून निम्मे बहिरे झालेले. यानं माग पाहिला असेल तो काचेआडून! ती मनातल्या मनात थुंकली आणि हो म्हणाली. वाईट वाजवलं तर हा म्हणेल, बाई कच्ची. एकही चूक न करता वाजवलं, तरच जगाला कळेल की रचनाच पोकळ आहे.

मग ती हट्टाला पेटली. पहिल्या भागातल्या स्वरांच्या उड्यांनी तिचे ओठ सुजले. मधल्या भागात गळा ओठांच्या मागे फरफटत जाई, दोन्ही स्वर एकच होऊन बसत. शेजारीपाजारी खिडक्या लावून घेऊ लागले.

"काय वाजवून राहिली तू?" पोपट ओरडले. "म्हैस अडली का कोणाची? मला बहिऱ्याला ऐकू येतं, म्हणजे बघ!"

"देसाईची अडलीय, बाबा. मी फक्त सोडवते."

एका दुपारी गळा आणि ओठ अचानक वेगळे झाले. दोन स्वर शेजारी शेजारी उभे राहिले आणि त्यांच्यामधून तिसराच निघाला, तिने न फुंकलेला, न गायलेला. तिच्या अंगावर काटा आला. पाठोपाठ राग आला. असल्या भिकार कागदातून असं काही निघावं?

कार्यक्रमाला व्यापारी सहकुटुंब आले होते. पहिल्या भागात फोन वाजले, कुणी जांभया दिल्या. प्रज्ञा मनात म्हणाली, ऐका, हेच तुमच्या लायकीचं आहे. मग मधला भाग आला. पहिल्या घुमाऱ्याला कुणीतरी खिदळलं. तिसरा स्वर उठला आणि सभागृह गप्प झालं. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिने एकही चूक केली नव्हती, आणि डाव पार फसला होता. तिने मान झुकवली. अर्ध्या लोकांना घरी जायची घाई आहे म्हणून ते उभे राहिलेत, अशी तिने स्वतःची समजूत काढली.

मंचामागे पोपट आले.

"पहिला भाग भंगार. शेवटचा त्याहून भंगार," ते म्हणाले. "मधला दुसऱ्या कोणी लिहिला का?"

तेवढ्यात देसाई धावत आला. "बहु सरस, प्रज्ञाबेन! बडोद्यालाही तुम्हीच वाजवायचं!"

"आधी पहिला आणि शेवटचा भाग फाडून टाका. मग येते."

देसाईचा चेहरा पडला. त्याने काही फाडलं नाही, ती बडोद्याला गेली नाही. तिथल्या वादकाने गळ्याचं गाणं गाळूनच टाकलं, असं तिच्या कानावर आलं. ती "देसाईची लायकीच ती!" म्हणाली आणि दिवसभर कोणाशी धड बोलली नाही.

मधला भाग ती अजून वाजवते. संध्याकाळी गच्चीवर, देसाईला शिव्या घालत.