समुद्रफुलाची तब्येत

मिग्दालियाला मासे आवडायचे ते तळलेले, वर लिंबू पिळलेले. काचेच्या टाकीत समुद्र भरायचा आणि त्यातल्या जीवजंतूंचे लाड करायचे, हे खूळ तिच्या लेकीचं, यारित्साचं. पण यारित्सा हॉटेलातल्या नोकरीसाठी समुद्रापलीकडे ऑर्लँडोला गेली, आणि बेटावरच्या पोन्से गावातल्या घरात ती टाकी राहिली. टाकीत खडक, आणि एका खडकाला चिकटून बसलेलं हिरवट समुद्रफूल.

"आई, नावाला फूल, पण प्राणी आहे तो. जपशील ना?" विमानतळावर पोरगी एवढंच म्हणाली. मिग्दालियाला वाटलं होतं, निदान आईला तब्येत सांभाळ म्हणेल. नाही म्हणाली.

जपलं हो तिने! डोळ्यांत तेल घालून जपलं. दिवे वेळेवर लावले, काच पुसली, कोलंबीचा तुकडा चिमट्याने भरवला. दिव्यांच्या उबेने टाकीतलं पाणी रोज थोडं आटायचं. ते भरून काढायला यारित्साने गाळलेल्या गोड्या पाण्याचे कॅन ठेवले होते. ते संपले तेव्हा बाईंनी स्वतःचं डोकं चालवलं. समुद्रातला जीव, त्याला समुद्राचंच पाणी नको का? शेजारच्या तिबुर्सियोच्या गाडीतून ती किनाऱ्यावर गेली आणि बादल्या भरून घेऊन आली.

"काय हो बाई, समुद्र घरी न्यायचा विचार आहे का?" तिबुर्सियो म्हणाला.

"तुम्ही खड्डे चुकवा आधी. अर्धा समुद्र तुमच्या गाडीतच सांडलाय."

थोड्याच दिवसांत समुद्रफूल आक्रसलं. बोटांसारखे हलणारे त्याचे शुंडक आत ओढले गेले, तोंड आ वासून उघडं पडलं, खडकावरची पकड सुटली. मिग्दालियाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने लेकीला फोन लावला.

"कुठलं पाणी घालत होतीस?"

"समुद्राचं! चांगलं लांबून आणलं, अगदी नितळ."

"अगं आई! आटतं ते नुसतं पाणी. मीठ कुठे उडून जातं? ते टाकीतच राहतं, आणि तू वरून आणखी ओतलंस. लोणचं घातलंस की गं त्याचं!"

"मला मेलीला काय कळतं त्यातलं."

"आता घाईने गोडं पाणी ओतू नकोस, त्या धक्क्यानेच मरेल. रोज थोडं खारं काढ, थोडं गोडं घाल. मी रोज फोन करते."

आणि खरंच केला. रोज संध्याकाळी, कामावर जायच्या आधी. मिग्दालिया फोन टाकीपुढे धरायची. जवळ धर, अजून जवळ, तोंड मिटलंय का बघू दे. मग पोरगी हळूच विचारायची, "काय केलंस जेवायला?"

"तुरीच्या दाण्यांचा भात."

"माझ्या वाटचाही खा."

तिकडे बिचारं समुद्रफूल मरणाच्या दारात, आणि इकडे मिग्दालिया केस विंचरून फोनची वाट बघत बसलेली. लाज वाटावी इतकी ती खुशीत होती.

शेवटी त्याने पुन्हा खडक धरला. एका संध्याकाळी असं टम्म फुललं, की यारित्सा तिकडून "वाचलं!" म्हणून ओरडलीच.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. पुढे आठवड्याने आला. मग तेवढ्यातही येईना. आला तरी, "आई, आता दिवसपाळी लागलीय, फार दमते गं. टाकी बरी आहे ना? मग झालं तर."

मग झालं तर! मिग्दालियाला ते इतकं लागलं, की रात्रीचा घास घशाखाली उतरला नाही.

एका दुपारी तिने तिबुर्सियोला गाडी पुन्हा किनाऱ्याकडे घ्यायला लावली.

"बरं झालं ना ते? मग पाणी कशाला आता?"

"पाय शेकायला," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि गाडी किनाऱ्याकडे वळवली.

घरी येऊन तिने बादलीत मग बुडवला. जास्त नाही, थोडंच घालायचं, रोज थोडंथोडं. जरासं आक्रसलं की पुरे. मग संध्याकाळचा फोन सुरू होईल, आणि आता बरं कसं करायचं ते तर तिला ठाऊकच होतं. टाकीवर मग धरून ती उभी राहिली. आत समुद्रफूल आपल्या तंद्रीत डुलत होतं. हात वाकडा होईना.

तिने बादली मागच्या मोरीत रिकामी केली आणि तशाच ओल्या हातांनी फोन लावला, भर कामाच्या वेळी.

"काय झालं?" यारित्सा घाबरलीच. "पकड सुटली का त्याची?"

"त्याला काही धाड भरलेली नाही."

"मग?"

"मग काय! मला तुझी आठवण येते. त्याच्या नावाने किती दिवस बोलायचं आपण? घर खायला उठतं गं मला. तू फोन करावास म्हणून आत्ता त्या मुक्या जिवाला मारायला निघाले होते मी."

पलीकडे हॉटेलातल्या धुलाईच्या यंत्रांची घरघर चालू होती. आता ही चिडणार, असं मिग्दालियाला वाटलं.

"तू कशी आहेस विचारलं की तू 'ठीक' म्हणतेस," यारित्साचा आवाज चिरकला, "आणि मग मला रडू येतं. म्हणून टाकीचं विचारते. रडत रडत चादरींच्या घड्या नाही घालता येत, आई."

"राहू देत घड्या."

"बाई ओरडेल इथली."

"ओरडू दे." मिग्दालियाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "यारित्सा, ये परत, असं मी तुला कधी म्हटलंच नाही ना?"

"नाही."

"ये."

"येते" असं काही पलीकडून आलं नाही. पण यारित्साने फोन ठेवला नाही, आणि मिग्दालियानेही नाही.